आजची यजमानीणबाई

"फुलांची टोपली मी धरते मांडीवर," नीलिमा म्हणाली. "वहिनींनी नको आज हात लावायला. उगाच कशाला कुणाच्या तोंडी यायचं?"

हे तिनं इतक्या मायेनं म्हटलं की कुणाला रागवायला जागाच राहिली नाही. काल नीताच्या भावाचं, उल्हासचं वर्षश्राद्ध झालं होतं. त्यासाठी ती आणि तिचा नवरा चारुदत्त पुण्याहून सिंगापूरला आले होते. काल दिवसभर फिकट साडी नेसून ती रडत होती आणि आज आंब्याच्या रंगाची पैठणी नेसून, नथ घालून बसली होती. दोन्ही दिवस अगदी मनापासून. आपल्या धाकट्या भावजयीचं नीताला नेहमी हेच नवल वाटायचं.

"कुणाच्या तोंडी, नीलिमा? टॅक्सीवाला चिनी असेल," नीता म्हणाली.

"ताई, तुमचं वेगळं आहे," नीलिमा म्हणाली आणि टोपलीवरचं ओलं फडकं तिनं नीट केलं. मोगऱ्याचे गजरे होते आत, लिटल इंडियातून सकाळीच आलेले.

तुमचं वेगळं आहे. हे वाक्य नीता तीस वर्षं ऐकत आली होती. ती एकोणतिशीत असताना तिच्या नवऱ्याची, रवींद्रची स्कूटर कर्वे रोडवर ट्रकखाली गेली. तेराव्याला बायका जमल्या आणि आता हिचं काय काय काढायचं याची कुजबूज सुरू झाली, तशी नीता आत गेली, कपाळ पुसलं आणि भाजीच्या कात्रीनं वेणी कापून बाहेर येऊन बसली. आपणच आधी काढून ठेवलं की दुसऱ्या कुणाला काढता येत नाही, एवढा हिशेब तिला त्या दिवशी कळला. पुढे ती सिंगापूरला आली, बँकेत चढत चढत वर गेली, धाकट्या भावाला, उल्हासला तिनंच इकडे बोलावून घेतलं. करडा शर्ट, काळी पँट, कानापर्यंत कापलेले केस. एकसष्टाव्या वर्षीही तिचा पोशाख तोच होता आणि त्याचा तिला अभिमान होता.

उल्हासची बायको सविता कॉफी घेऊन बाहेर आली. पितळी पेला, त्याखाली पितळी वाटी, फेस काठापर्यंत आणि थेंबभरही बाहेर सांडलेला नाही. तेवढं एक तिचं तिच्याजवळ राहिलं होतं. बाकी अंगावर राखी काठाची पांढुरकी सुती साडी, मोकळं कपाळ, मानेवर घट्ट बांधलेला अंबाडा. वर्षापूर्वीपर्यंत ही बाई कोथिंबीर आणायला खाली उतरली तरी केसांत फुलं असायची.

"घ्या भावजी," ती चारुदत्तला म्हणाली.

"वहिनी, आजचा तो वर्गाचा समारंभ झाला की आवरतं घ्या हं सगळं," चारुदत्त कॉफी फुंकत म्हणाला. "बुधवारचं विमान आहे. पुण्यात घर आहे, आम्ही आहोत. अदितीचं काय, ती तिच्या नोकरीत. तुम्ही इथे एकटीनं काय करणार?"

"हो भावजी."

"मग तो चालण्या-बोलण्याचा वर्ग बंद म्हणून बायकांना आजच सांगून टाका."

"हो. आज सांगते."

नीतानं तिच्याकडे पाहिलं. वर्षभर ही सगळ्यांना हो म्हणते आहे, तिच्या मनात आलं. ज्या बाईनं अर्ध्या टॅम्पिनीस वस्तीला नाही म्हणायला शिकवलं, ती.

अदिती बुटाचे बंद बांधत दाराशी बसली होती. तांजोंग पगारच्या ऑफिसात दिवसभर इंग्रजी बोलणारी पोर, घरी आली तरी तिचं मराठी अर्ध्या वाटेत उतरून जायचं आणि शेवटी इथल्या लोकांचं 'लाह' लागायचं. "आई, मिस लिम येणार आहे आज. शी इज कमिंग ऑल द वे फॉर यू. निदान बोल तरी लाह!"

मिस लिम म्हणजे मरिना बेजवळ नवीन हॉटेल उघडत होतं त्यांची बाई. रिसेप्शनवरच्या सगळ्या मुलींना शिकवायला तिला सविता हवी होती. दोनदा फोन येऊन गेला होता आणि दोन्हीदा सवितानं नंतर बघू म्हणून ठेवून दिला होता.

"मी काय शिकवणार आता कुणाला?" सविता हळूच म्हणाली. "समोर उभं राहायला आधी आपल्याला आपलं बरं वाटावं लागतं अदिती. ते कुठून आणू?"

चारुदत्तनं पेला खाली ठेवला. "ताई, तू सांग ना तिला. तू निभावलंसच की सगळं सोडून."

"निभावलं," नीता म्हणाली.

*

सविता तंजावरची. भोसले राजांबरोबर दक्षिणेत गेली आणि तिकडचीच होऊन राहिली त्या मराठी घरांतली. उल्हासची बदली मद्रासला झाली तेव्हा लग्न जमलं ते. ती पुण्यात सून म्हणून आली तेव्हा नीताच्या आईनं पहिल्याच आठवड्यात तिचं नाव मद्रासीण ठेवलं. तिचं मराठी ऐकून बायका पदराआड हसायच्या. तिच्या रेशमी साड्या भडक, तिची फुलं जास्त, तिचा दारातला तांदळाच्या पिठाचा कोलम म्हणजे वेळ जात नसल्याचं लक्षण. ती कुणालाच उलटून बोलली नाही. मान ताठ ठेवून, हसून, प्रत्येकीला कॉफी देत राहिली आणि दोन वर्षांत त्याच बायका आपल्या मुलींना दाखवायच्या कार्यक्रमात साडी नेसवायला हिलाच बोलवायला लागल्या. नीताला ती वन्सं म्हणत नसे. पहिल्या दिवसापासून अक्का.

सिंगापूरला शेजारच्या मुलीला मुलाखतीला जायचं होतं, तिला सवितानं दोन दिवस बसवून चालायला-बोलायला शिकवलं, तिथून तो वर्ग सुरू झाला. दिवाणखान्यातून कम्युनिटी क्लबच्या हॉलमध्ये गेला. आवाज खाली, मान वर. दारातून आत आलात की आधी थांबा, मग बोला. नाही म्हणायचं तर मान हलवायची नाही. हात जोडायचे, हसायचं आणि नाही म्हणायचं. साडी आपल्याला नेसत नाही, आपण साडी नेसतो. नीता याला लाडीगोडीचा वर्ग म्हणायची, अगदी सविताच्या तोंडावर. बाईनं काम चोख करावं, गजरे कशाला?

पण जाईला तिनं डोळ्यांनी पाहिलं होतं. पुण्याहून नोकरीवर आलेली हुशार पोरगी, मीटिंगमध्ये तोंड उघडलं की घसा कोरडा पडायचा आणि तिचं म्हणणं शेजारचा माणूस आपलं म्हणून सांगून मोकळा व्हायचा. वर्गात आल्यावर सहा महिन्यांनी हीच जाई नीताच्या जुन्या बँकेत मोठ्या साहेबाला मध्येच थांबवून, हसून, "मला पूर्ण करू द्या," असं म्हणाली होती. केसांत अबोली होती. साहेब थांबला होता. नीतानं त्या खुर्चीवर पोचायला पंधरा वर्षं आवाज चढवून घालवली होती. तिला त्या दिवशी कौतुकही वाटलं आणि थोडा रागही आला.

आणि एक गोष्ट तिला कायम टोचायची. बाहेर मिरवणारी ही सविता नीताच्या घरी जेवायला यायची ती मात्र साध्या सुती साडीत, रिकाम्या केसांनी. दिवाळीलासुद्धा. माझं घर हिला नटण्याच्या लायकीचं वाटत नाही, असं नीतानं धरून ठेवलं होतं. विचारलं मात्र कधीच नाही.

*

दोन टॅक्स्या केल्या. टोपली आणि कुंकवाचं ताट घेऊन नीलिमा पुढच्या टॅक्सीत चारुदत्तबरोबर बसली. मागच्या टॅक्सीत अदिती ड्रायव्हरशेजारी, मागे नीता आणि सविता. दरवर्षी हा समारंभ व्हायचा. वर्ग पुरा केलेल्या बायकांना सविता आपल्या हातानं तांबूल द्यायची: विड्याची पानं, सुपारी, हळदकुंकू, गजरा. तिच्या माहेरची रीत होती. बाई घराबाहेर पडताना मोकळ्या हातांनी पडू नये म्हणून द्यायचं. यंदा ते नीलिमा देणार होती. ठरवलं कुणी, हे कुणालाच नीट आठवत नव्हतं.

"आत्या, आईला सांग ना तू," अदिती पुढून म्हणाली. "मिस लिम इज सिरियस."

"तू गप्प बस ग," सविता म्हणाली. मग थोड्या वेळानं नीताला म्हणाली, "अक्का, हे गेले त्या दिवशी तुम्ही दवाखान्यात जे सांगितलंत ना, ते बरोबर होतं. कुणी काढायच्या आत आपणच काढायचं. मी तसंच केलं. कुणाला एक शब्द बोलायला मिळाला नाही."

"मग?"

"मग काही नाही. बोललं नाही कुणी. पण मला आरशात कुणी दिसतच नाही आता. सकाळी केस विंचरते आणि हात आपोआप फुलाकडे जातो. तिथे फूल नसतं, मग हात तसाच खाली येतो."

नीता खिडकीबाहेर बघत राहिली. एकामागून एक त्याच त्या उंच इमारती जात होत्या आणि खिडक्यांतून बांबूंवर वाळत घातलेले कपडे लोंबत होते. तिनं स्वतः कधी आरशात पाहिलंच नव्हतं. तिला सोपं गेलं होतं, किंवा तिनं तसं ठरवून टाकलं होतं.

"आई, तुला आठवतं?" अदितीला ती शांतता सोसवेना. "आत्याच्या बॉसच्या बायकोकडे डिनर होतं, आणि तू टॅक्सीत कानातले हिरे काढून पर्समध्ये टाकलेस? बिकॉज त्या बाईकडे फक्त मोती होते? आय वॉज सो एम्बॅरस्ड."

"पाहुणीनं यजमानीणबाईपेक्षा वरचढ नटू नये," सविता म्हणाली. वर्गातलंच वाक्य होतं ते, ती झोपेतही म्हणाली असती. "तिच्या घरात तिला कमीपणा वाटेल असं काही अंगावर ठेवायचं नाही. वर्गात पहिल्या महिन्यात शिकवते मी हे."

"आणि यजमानीण कोण हे कसं ओळखायचं? अनेक बायका असल्या घरात तर?" अदितीनं विचारलं.

"सगळ्यांत थोरली असेल ती. माझ्या आईनं हेच सांगितलं होतं."

टॅक्सी क्लबच्या दाराशी थांबली.

*

हॉलमध्ये पाऊल टाकलं आणि नीताला वाटलं, आपण चुकून दुसऱ्याच कुणाच्या कार्यक्रमाला आलो.

खुर्च्यांवर डझनभर बायका बसल्या होत्या. दरवर्षी या हॉलमध्ये रेशमाची नुसती सळसळ असायची, फुलांच्या वासानं एअरकंडिशनर हरायचा. आज सगळ्या पांढऱ्या नाहीतर फिक्या सुती साड्यांत. कुणाच्या केसांत फूल नाही, कानात एखादा बारीक मणी. लग्न झालेल्या बायकांनी कुंकू पुसलं नव्हतं पण इतकं बारीक लावलं होतं की असून नसल्यासारखं. तमिळ बायका, मराठी बायका, मेई नावाची एक चिनी मुलगीही तशीच पांढरी साडी नेसून हात मांडीवर ठेवून ताठ बसलेली.

मागच्या रांगेतल्या मिस लिमनं नीताशेजारी सरकून विचारलं, "सो प्लेन, आह? मला वाटलं होतं, खूप फुलं असतील. धिस इज लाइक अ फ्यूनरल, यू नो. पांढरं आम्ही फक्त तेव्हाच घालतो."

नीतानं तिच्या शेजारच्या खुर्चीवर टेकत काहीतरी उत्तर दिलं. तिचं लक्ष सविताकडे होतं. सविता दारातच थांबली होती. दारातून आत आल्यावर आधी थांबायचं, हे तिनंच शिकवलं होतं, पण हे थांबणं ते नव्हतं.

"हे काय?" ती म्हणाली. "जाई, पुढच्या महिन्यात लग्न आहे तुझं. अशी का आलीस?"

जाई उठून उभी राहिली. "मॅडम, आज यजमानीणबाई तुम्ही. तुमच्यापेक्षा वरचढ नटून कसं यायचं?" ती साधेपणानं म्हणाली. कुणी तरी बक्षीस द्यावं अशा अपेक्षेनंही नाही. धडा होता, तो तिनं पाळला होता. "सगळ्यांनी मिळून ठरवलं. मेईलासुद्धा फोन करून सांगितलं."

सवितानं एका खुर्चीची पाठ धरली. चारुदत्त घसा खाकरत पुढे झाला, म्हणाला, "छान, छान, साधेपणा हवाच," आणि कुणीच त्याला साथ दिली नाही तसा खाली बसला.

नीलिमानं परिस्थिती हातात घेतली. तिच्या परीनं तिला मदतच करायची होती. कुंकवाचं ताट घेऊन ती पहिल्या खुर्चीशी गेली. "या, मी लावते कुंकू. नंतर गजरा देते."

पहिली बाई उठली. तिनं हात जोडले, हसली आणि म्हणाली, "आधी मॅडमना. मग मी."

नीलिमा दुसरीकडे गेली. दुसरीनंही हात जोडले. "आधी मॅडमना."

तिसरी तमिळ होती, तिला मराठी येत नव्हतं. तिनंही हात जोडले, हसली आणि सविताकडे बोट केलं. आवाज खाली, मान वर. अख्ख्या रांगेत एकीनं मान हलवली नाही की एकीनं आवाज चढवला नाही, आणि एकीनंही कुंकू लावून घेतलं नाही.

"अहो, असं काय करता!" ती रडकुंडीला आली. "सवाष्ण बायका तुम्ही, अशा जवळजवळ मोकळ्या कपाळानं बसलात! बरं दिसतं का? अभद्र दिसतं ते!"

शब्द तोंडातून गेले आणि तिनं तोंडावर हात ठेवला. पण हॉल लहान होता आणि सगळ्यांनी ऐकलं होतं. पांढऱ्या साडीत, मोकळ्या कपाळानं, खुर्चीला धरून उभ्या असलेल्या सवितानंही.

"वहिनी, मी तुम्हाला नाही हो…"

"तुझं बरोबर आहे नीलिमा," सविता म्हणाली. तिचा आवाज शांत होता, पण त्यात काही उरलं नव्हतं. "चांगलं नाही दिसत. मला कळत नव्हतं, आज बघितल्यावर कळलं. मुलींनो, माझ्यामुळे तुम्ही अशा बसलात. म्हणजे मी तुम्हाला जे शिकवलं, ते मीच पुसून टाकलं. वर्ग मी आजपासून बंद करते. मी बुधवारी पुण्याला चालले आहे. तुम्ही आता माझ्या वाटेनं जायचं नाही."

अदिती भिंतीला टेकून उभी होती. ती रडत होती आणि डोळे पुसत नव्हती.

"पण मॅडम," जाई म्हणाली, आणि घसा कोरडा पडूनही बोलली, "तुम्ही नाही, तर मग आज यजमानीणबाई कोण?"

नीताला तो प्रश्न कुठेतरी खोल जाऊन लागला.

सगळ्यांत थोरली असेल ती.

दिवाळीला रिकाम्या केसांनी येणारी सविता तिला दिसली. सोफ्याच्या कडेला बसणारी, आपल्या फुलांना घरी पाण्यात ठेवून आलेली. वीस-बावीस वर्षं. नीता दार उघडायची, हिच्या केसांकडे बघायची, मनात काहीतरी कडवट धरायची आणि जेवायला वाढायची. आणि ही दर वेळी निघण्याआधी फूल काढून ठेवत आली होती, कारण अक्काच्या घरात अक्काच्या केसांत फूल नव्हतं. तिला कमीपणा वाटेल असं काही अंगावर ठेवायचं नाही. आपण नको म्हणून टाकलेलं, ते हिनं आपल्यासमोर कधी मिरवलं नाही. आणि उल्हास गेला त्या दिवशी आपण हिला काय दिलं, तर कात्री.

नीता उठली. हॉलच्या मधून चालत टोपलीपाशी गेली, ओलं फडकं बाजूला केलं आणि एक गजरा उचलला. हाताला थंडगार लागला. किती वर्षांत तिनं मोगरा हातात धरला नव्हता, हे तिला आठवेना.

"ताई?" चारुदत्त म्हणाला.

ती सविताजवळ गेली, गजरा तिच्या हातात दिला आणि तिच्याकडे पाठ करून उभी राहिली.

"माळ," ती म्हणाली.

"अक्का!"

"मी थोरली आहे ना? मग यजमानीण मीच. माझ्या केसांत नसेल तर तुला घालता येत नाही, हे तुझंच शिकवणं. आणि तू घातलं नाहीस तर या पोरी घालणार नाहीत. तेव्हा माळ."

सविताचे हात हवेतच राहिले. "अक्का, तुम्हाला केस कुठे आहेत?"

कुणीतरी हसलं. मग जाईही हसली, मग मेई, आणि त्या हसण्यात बऱ्याच बायकांनी डोळे पुसून घेतले. नीता हसली नाही. तिचा जीव धडधडत होता. तीस वर्षांपूर्वी भाजीची कात्री हातात घेतली तेव्हाही इतका धडधडला नव्हता.

"पिना असतील की कुणाकडे तरी," ती म्हणाली.

डझनभर बायकांच्या पर्सेस उघडल्या. अशा वेळी लागणारी कुठलीही वस्तू पर्समध्ये असायलाच हवी, हेही त्यांना शिकवलेलं होतं. सविताची बोटं नीताच्या मानेवर आली. आधी अडखळली, मग त्यांना सगळं आठवलं. एक पीन इकडे, एक तिकडे, गजरा अर्धा दुमडून घेतला. नीताच्या कापलेल्या, पांढऱ्या झालेल्या केसांत तो कसाबसा धरून राहिला.

नीता वळली. तिनं टोपलीतून दुसरा गजरा घेतला, पण तो सविताच्या केसांत घातला नाही. ओंजळीत धरून तिच्यासमोर उभी राहिली.

"मला त्या दिवशी कुणी विचारलं नव्हतं," ती म्हणाली. "म्हणून मी आधीच काढून टाकलं. तुला मी विचारायला हवं होतं, आणि मी तुला शहाणपण शिकवलं. आता विचारते. घे, नाहीतर नको घेऊस. तुझ्या मनाला येईल ते कर. पण तुला विचारलं नाही असं व्हायला नको."

नीलिमा ताट छातीशी धरून उभी होती. चारुदत्त जमिनीकडे बघत होता.

सवितानं त्या फुलांना बोट लावलं. "मंगळसूत्र त्यांनी बांधलं होतं," ती म्हणाली. "ते त्यांच्याबरोबर गेलं. पण फुलं तर माझी आई माळायची. लग्नाच्या कितीतरी आधी, शाळेत जाताना, पायरीवर बसवून. ती त्यांच्याबरोबर कशी जातील अक्का?"

तिनं गजरा घेतला आणि दोन्ही हात मागे नेऊन, आरशाशिवाय, एकाच हालचालीत अंबाड्यात खोचला. कुंकवाच्या ताटाकडे तिनं पाहिलं नाही. त्याचं तिला काय वाटतं ते तिचं तिच्याजवळच राहिलं आणि कुणी विचारलंही नाही. नीलिमाच पुढे आली. डोळ्यांतलं पाणी न पुसता तिनं ताट सविताच्या हातात दिलं. "तुम्हीच लावा वहिनी त्यांना. दरवर्षीसारखं. आणि आधी मला लावा."

सवितानं तिला कुंकू लावलं. मग जाईला. मग रांगेतल्या सगळ्या जणी पुढे आल्या, साध्या पांढऱ्या साड्यांतच, आणि मोगऱ्याचे गजरे घेऊन परत खुर्च्यांकडे गेल्या. मेईच्या केसांत माळताना सवितानं तिची हनुवटी दोन बोटांनी वर केली, नेहमी करायची तशी. शेवटी टोपली रिकामी झाली.

मिस लिम पुढे आली. तिलाही तांबूल मिळाला होता आणि तो कसा धरायचा ते न कळून तिनं दोन्ही हातांत धरला होता. "मॅडम सविता, मंडे कॅन?" सोमवारपासून जमेल का, असं तिला विचारायचं होतं.

सवितानं चारुदत्तकडे पाहिलं. मग हात जोडले, हसली आणि म्हणाली, "भावजी, बुधवारी नाही जमणार मला." आणि मिस लिमकडे वळून, "मंडे कॅन."

"वाह लाउ!" अदिती इथल्या टारगट पोरांसारखं मोठ्यांदा म्हणाली, आणि आईनं नुसतं तिच्याकडे बघितल्यावर तोच शब्द तिनं हळू आवाजात पुन्हा म्हटला.

चारुदत्त नीताशेजारी येऊन बसला. तिच्या केसांकडे बघत म्हणाला, "ताई, आई असती तर…" लहानपणी नीताची लांब वेणी धरून हाच तिच्यामागे शाळेला जायचा.

खाली मान घालावी आणि कुणाला न दिसता रडून घ्यावं असं नीताला फार वाटलं, पण मान जरा खाली गेली की पीन सैल व्हायची आणि गजरा कानावर घसरायचा.

"सविता, पडतंय ग हे," ती म्हणाली.

हॉलच्या दुसऱ्या टोकाला एका मुलीचा पदर नीट करत असलेल्या सवितानं वळून पाहिलं.

"मान वर ठेवा अक्का," ती म्हणाली. "नाही पडत."

नीतानं मान वर केली. गालांवरून पाणी ओघळत होतं आणि समोरच्या सगळ्या बायकांना ते दिसत होतं. तिनं पुसलं नाही.